रिकाम्या गटातलं सोनं

माझं काम नखांचं. पोरगी मॅटवर जायच्या आधी माझ्यासमोर हात पुढं करते, मी सगळी नखं बघते. वाढलेली असली की कापते. रंग लावलेला असला की आधी चार शब्द ऐकवते, मग कापते. कुस्तीत समोरचीची मान धरायची असते, मनगट धरायचं असतं, पोटरी धरायची असते. नखं असली की ओरखडे निघत्यात, आन् वजन करतानाच पंच बाहेर काढत्यात. नखं झाली की केस. दोन वेण्या, डोक्याला चिकटून, पिन न्हाई, क्लिप न्हाई, रबर तेवढं. वेणी अशी घट्ट की पोरीचे डोळे वर ओढले पायजेत. मग अंग बघायचं, कुठं नायटा उठलाय का. एकीला उठला की हा हा म्हणता सगळ्यांना. आन् सगळी घरी गेली की औषधाच्या पाण्यानं मॅट पुसायची.

एवढंच काम. आधी तिकडं गावाकडं केलं, आता हितं मेलबर्नजवळ वेरिबीत करते. हितल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची पोरगी घरी आली, म्हणली, "आजी, तुमचा अनुभव सांगा ना, खूप इन्स्पायरिंग होईल." मी म्हणलं, ते कसं असतं मला ठाऊक न्हाई, मॅट कशी पुसायची ते सांगते. ती हसली. चांगली पोरगी हाय, हसते फक्त लई. मी बोलते आन् ती उतरवून घेते. तिला बजावून ठेवलंय, माझं बोलणं धुऊन इस्त्री करायचं न्हाई.

तर आमच्या कराडकडच्या एका कॉलेजात मुलींच्या होस्टेलवर मी मावशी हुते. मावशी म्हणजे झाडलोट करणारी, पाणी भरणारी, रात्री दाराला कडी घालणारी. मालक मार्केट यार्डात हमाल. एक दिवस पोत्यांची थप्पी अंगावर आली आन् गेले. माझी पोरगी मंगल तवा सहावीत. मी कामाला लागले. रडायची रजा कुठं मिळत न्हाई.

मंगल त्याच कॉलेजात गेली, त्या साली वरून हुकूम आला की मुलींची कुस्तीची टीम काढा. कॉलेजचे कदम सर हुते खेळाचे. सर जन्मात कुस्ती खेळलेले नव्हते. त्यांच्याकडं शिट्टी हुती. ते होस्टेलवर आले आन् म्हणले, "मावशी, पोरींबरोबर गावोगाव जायला बाईमाणूस पायजे. तुम्ही चला."

"काम काय?"

"काही नाही, बसायचं."

बसायचं काम मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं, आन् ते बी खोटं निघालं. सरांना नखं ठाऊक न्हाईत, केस ठाऊक न्हाईत, पोरीची महिन्याची अडचण तर बोलायचीच सोय न्हाई. सगळं माझ्यावर. आन् चादर. कुस्तीचा तो आखूड ड्रेस असतो, अंगाला चिकटलेला. गावाकडं तवा लोक कुस्ती बघायला यायचे म्हणून सांगायचे, पण बघायचे काय ते मला कळत हुतं. पोरगी मॅटवरनं उतरली की मी कडेला चादर घेऊन उभी. पाय खाली टेकायच्या आत अंगावर चादर.

एका गावी बाकावर चारपाच टोणगे बसले हुते. एकजण काहीतरी बोलला, बाकीचे खिदळले. मी जवळ गेले, हळूच विचारलं, "बाळ, तुझी आई कुठल्या गावची रं?"

"का?"

"भेटून यावं म्हणते. नऊ महिने फुकट गेले तिचे, कुणीतरी सांगाय नको?"

त्या दिवशी तो बाक रिकामा झाला. सर लांब उभे राहून शिट्टी पुसत हुते.

आता मंगलचं. अंगानं बळकट, डोक्यानं हट्टी, कुस्तीचं काय बी येत न्हाई. कुस्तीत वजनाचे गट असत्यात, ज्या त्या वजनाची ज्या त्या वजनाशी लढते. तवा पोरीच कमी, म्हणून बरेच गट रिकामे. कदम सरांनी पेन्सिल घेतली आन् शोधून काढलं की मंगलच्या खालच्या गटात एकीचं बी नाव न्हाई. झालं. मंगलचा भात बंद, भाकरी बंद, पाणी सुद्धा मोजून. वजनाच्या सकाळी पोरगी भिंत धरून चालत हुती. काट्यावर उभी राहिली, बसली गटात. समोर कुणीच न्हाई. पंचांनी तिचा हात धरला आन् वर केला. सोनं.

कॉलेजच्या गेटावर बोर्ड लागला. मंगलचा फोटो लहान, सरांचा मोठा. पुढच्या साली परत तेच. परत सोनं, परत गुलाल. मंगलला सुद्धा वाटाय लागलं की आपण पैलवान हाय. गुलालाची नशा दारूपेक्षा वाईट, दारू निदान उतरते.

मग तिला उत्तरेत पाठवलं, सगळ्या देशाच्या विद्यापीठांच्या कुस्त्यांना. तिथं मात्र गटात माणसं हुती. हरयाणाची एक पोरगी समोर आली, हाडानं रुंद, तोंडानं शांत. शिट्टी वाजली. मी मांडीवरची चादर नीट करत हुते, मान वर केली तर मंगलचे दोन्ही खांदे मॅटला टेकलेले. खांदे टेकले की संपलं, त्यालाच चितपट म्हणत्यात. माझी चादर उलगडायच्या आत कुस्ती संपली.

मंगल रडली न्हाई. पाणी मागितलं. येताना सगळ्या प्रवासात सर तिच्याशी बोलले न्हाईत. जसं काय तिनं त्यांच्या घरातलं काहीतरी चोरलंय.

गावात ज्ञानू वस्तादांची तालीम हुती. मी मंगलला घेऊन गेले. वस्ताद दारात आले, म्हणले, "बाईमाणसाला आत न्हाई. मारुतीला चालत न्हाई."

मी म्हणलं, "मारुतीला विचारून बघितलं का?"

म्हातारा आत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गोठ्यामागं त्यानं उसाचं पाचट अंथरलं, वर जुनी ताडपत्री टाकली आन् मंगलला म्हणला, "पड."

मंगल म्हणली, "काय?"

"पड की. माघारी पड, कुशीवर पड, तोंडावर पड. पडायचं भ्या गेल्याबिगर कुणाच्या पायाला हात घालता येत न्हाई."

अख्खा हंगाम तेवढंच. डाव न्हाई, पेच न्हाई. पोरगी पडते, उठते, पाचट झटकते. कदम सरांनी एकदा येऊन बघितलं, म्हणले, "ह्यात कुस्ती कुठाय?" वस्ताद म्हैस धूत हुते, त्यांनी मागं वळून बघितलं बी न्हाई.

त्यानंतर मंगल खरी लढली. हरली लई, जिंकली बी. त्याच उत्तरेतल्या कुस्त्यांत तिसरी आली. ते पदक काशाचं. आमच्या घरात तेवढंच एक भिंतीवर हुतं, आधीची दोन सोन्याची तिनं ट्रंकेत टाकली. मग एक दिवस सरावात तिचा गुडघा गेला. आवाज मी ऐकला, वाळकं लाकूड मोडल्यावाणी. खेळ संपला. मी चादर टाकली अंगावर, दुसरं काय करणार.

पुढं ती खेळाची मास्तरीण झाली. लग्न झालं, जावई प्रकाश, इंजिनियर, चांगला माणूस, बोलत न्हाई. दोघं त्याच्या नोकरीवर हितं आली. तिकडची मास्तरकी हितं चालत न्हाई म्हणले, मग वेरिबीच्या खालच्या अंगाला भाजीची शेतं हायत तिथं मंगल पेट्यांत फ्लॉवर भरायच्या कामाला लागली. थंडीत, उभ्यानं, त्या मोडक्या गुडघ्यावर. मला तिनं फोनवर कधी सांगितलं न्हाई. मी रिटायर होऊन आले तवा तिचे हात बघून कळलं. काम करता करता तिनं हितल्या कोचच्या परीक्षा दिल्या, कुठल्या ज्युडोच्या क्लबातल्या जुन्या मॅटा आणल्या आन् एक हॉल मिळवला. आन् मी परत नखं कापाय लागले.

हॉलचा राखणदार डॅरल. म्हातारा, पूर्वी मेंढरांची लोकर कातरायचा. मी मराठीत बोलते, तो त्याच्या बोलीत, आमचं भागतं. मी म्हणते, "डॅरल, नळ गळतोय." तो म्हणतो, "नो वरीज, आजी." दिवा गेलाय, नो वरीज. दार लागत न्हाई, नो वरीज. नळ अजून गळतोय.

आता आईबापांचं सांगते. राग आला तरी चालंल, अंक तुम्हीच काढताय. हितं आपली माणसं पोराला कुस्तीला घालत्यात ते कुस्तीसाठी न्हाई. "कॉन्फिडन्स यावा म्हणून." तो काय मंडईत मिळतो का? पोरगं एका दुपारी पोहायला, मग गणिताला, मग कुस्तीला. गाडीतच कपडे बदलतं, गाडीतच जेवतं. एका बापानं मंगलला विचारलं, "इंजरीचे चान्सेस किती परसेंट?" एका बाईनं पोरासाठी वेगळी मॅट आणली हुती, घरची, गुंडाळून. म्हणली, "दुसऱ्यांचा घाम नको." मी म्हणलं, बाई, मग दुसरी माणसं बी घरनंच आणा.

ह्याच्यातच इरा आली. पुण्याच्या निखिलची पोरगी, चौदा वर्षांची, इथंच वाढलेली. मराठी समजते, उत्तर इंग्लिशमधे. पहिल्या दिवशी नखांना जांभळा रंग. हात पुढं केला तो असा, की मी त्याचा मुका घेणार हाय. मी सगळी नखं कापली. ती खाली पडलेले जांभळे तुकडे बघत राहिली. मी मंगलला म्हणलं, ही दिवाळीपर्यंत टिकत न्हाई. अंगानं जड, हलायला सावकाश, पडताना आधी हात टेकायची. असं पडलं तर मनगट मोडतं. मंगल रोज सांगायची, ही रोज तशीच पडायची. पण यायची. एक दिवस चुकला न्हाई.

बाप निखिल अंगानं बारीक, बोलायला भारी. कॉम्प्युटरमधला. क्लबची वेबसाईट त्याची, व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप त्याचा, हॉलचं बुकिंग त्याच्या नावावर. मंगलला त्याचा आधार वाटायचा.

गेल्या साली राज्याच्या कुस्त्यांना इरा गेली. हितं बी पोरी कमीच. नावं कॉम्प्युटरवर दिसत्यात, निखिल शेवटच्या दिवसापर्यंत बघत बसला आन् जिथं कुणी न्हाई त्या गटात त्यानं तिचं नाव घातलं. इरा मॅटच्या मधोमध उभी राहिली. पंचांनी हात वर केला. सोनं. बक्षिसाच्या तीन पायऱ्या असत्यात, ती वरच्या पायरीवर, दोन्ही बाजूच्या मोकळ्या. निखिलनं फोटो असा कापला की मोकळ्या पायऱ्या दिसेनात.

मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार केला. शाल, नारळ. माइकवरची बाई म्हणली, "प्रतिस्पर्ध्यांना चारी मुंड्या चीत करून आपल्या इरानं सुवर्णपदक पटकावलं." मी मागच्या खुर्चीवर बसून इचार करत हुते, कुठल्या प्रतिस्पर्ध्यांना? टाळ्या वाजल्या. आपली माणसं टाळ्या वाजवायला कधी मागं हटत न्हाईत, फुकट असत्यात. इरा स्टेजवर तिच्या बुटांकडं बघत उभी.

जेवणाच्या रांगेत मी तिला विचारलं, "काय गं, खुश का?"

ती म्हणली, "आजी, आय जस्ट स्टूड देअर."

एवढं इंग्लिश मला कळतं. नुसती उभी हुती. मी तिच्या ताटात अजून एक पुरी टाकली. आन् मनात म्हणलं, हिचं मी चुकीचं मोजलं बहुतेक.

यंदा त्याच कुस्त्यांना बाहेरच्या राज्यांतल्या पोरींना बी घेतलं, आन् तिच्या गटात दुसऱ्या पोरी आल्या. लांबून आलेल्या, एक तर टूवूंबाची, शेतकऱ्याची पोरगी. इराला आनंद झाला हुता. तिचं फक्त एवढंच म्हणणं, एकदा कुणाशी तरी लढायचंय. पण निखिल फोन घेऊन हॉलवर आला.

"मंगलताई, गुड न्यूज. खालचा गट एम्टी आहे."

मंगल म्हणली, "तिचं वजन जास्त आहे."

"मॅनेज करू ना. मी डाएट बसवलंय. लास्ट दोन दिवस पाणी कट."

"तिला लढायचंय, निखिल."

"लढेल की. पुढे खूप लाइफ आहे. आत्ता प्रोफाइल बिल्ड होतेय. बॅक टू बॅक गोल्ड, विचार करा. क्लबचं पण नाव."

मला वाटलं हितंच त्याला उचलून आपटंल. तिनं मान हलवली, कशी ती धड व्हय न्हाई, धड न्हाई न्हाई.

घरी आल्यावर मी कांदा कापता कापता तोंड सोडलं. "कदम सर मेले का जिवंत हायत गं?"

"का?"

"जिवंत असले तर आणून ठेव हितं. शिट्टी तेवढी कमी पडतेय."

"आई, इथं असं तोंडावर बोलत नाहीत लोकांना."

"मग कुठं बोलत्यात? पाठीवर?"

"तो गेला तर निम्मी पोरं जातील त्याच्यामागनं. हॉल त्याच्या नावावर आहे."

"जाऊ देत."

ती माझ्याकडं वळली. "तुला जाऊ देत म्हणायला काय जातंय? हॉल मिळेपर्यंत फ्लॉवर मी भरलाय. परत तिथं उभी राहू?"

मी कांदा कापला.

इराचं तोंड रोज बारीक हुत गेलं. डब्यात काकडी. एका दुपारी मी बघितलं, निखिल गाडीत बसलाय आन् पोरगी भर उन्हात रेनकोट घालून हॉलभोवती पळतेय. घामानं वजन उतरतं म्हणून. डॅरल दारात उभा राहून बघत हुता. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. त्या दिवशी तो नो वरीज म्हणला न्हाई. मी आत जाऊन मंगलला हाताला धरून खिडकीशी आणलं. तिनं बघितलं. बाहेर गेली, इराचा रेनकोट काढला, निखिलला काहीतरी हळू आवाजात बोलली. तो हसून व्हय व्हय म्हणला. हितली माणसं हसून व्हय म्हणली की समजायचं, घरी जाऊन तेच करणार.

कुस्त्यांच्या दिवशी सकाळी मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या हॉलात आम्ही गेलो. वजनाला वेळ हुता. मी भिंतीला टेकून बसले, पिशवीतनं नेलकटर काढलं. इरा समोर बसली, हात दिला. हात गार. ओठांना भेगा. नख दाबलं की पांढरं हुतं, सोडलं की लाल व्हायला पायजे. ते लाल व्हायला वेळ लागत हुता. मंगल मागं बॅग आवरत हुती, निखिल शेजारी फोनवर गट बघत हुता.

इरानं विचारलं, "आजी, माझ्या ग्रूपमधे कोणी आहे?" मराठीत विचारलं तिनं, तेच पहिल्यांदा.

"न्हाई."

"देन व्हाय अ‍ॅम आय थर्स्टी?"

मग मी तहानलेली का आहे. मी दुसरा हात घेतला. मागं बॅगेची चेन वाजायची थांबली.

मंगल पुढं आली आन् खाली बसली. तिचा तो गुडघा वाकत न्हाई, पाय लांब करून बसली, लहान पोरगी भातुकलीला बसते तशी. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं, इरासमोर धरली.

"पी."

इरानं बापाकडं बघितलं.

निखिल म्हणला, "मंगलताई, वेट व्हायचंय अजून."

"माहिती आहे."

"ओके, मग फक्त चूळ. इरा, थुंकून टाक."

"गीळ," मंगल म्हणली.

पोरीनं बाटली तोंडाला लावली ती खाली ठेवलीच न्हाई. पाणी हनुवटीवरनं गळ्यात, ड्रेसवर. निखिलचा चेहरा फोनच्या काचेसारखा झाला. "आपला प्लॅन ठरला होता. धिस इज रिअली अनप्रोफेशनल."

मंगल खालीच बसलेली. वर बघून म्हणली, "निखिल, तुझा प्लॅन मला पाठ आहे. माझ्यावर दोनदा झालाय. मी कुस्ती शिकवते रे. जिथं समोर कोणीच नाही तिथं मी काय शिकवू?"

"मी तिला घरी नेऊ शकतो."

"ने. तिला विचार आणि ने."

इरा बाटली हातात धरून बसली हुती. बापाला म्हणली, "बाबा, प्लीज." जोरात न्हाई. तो गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन बाहेर गेला. मी पिशवीतनं केळं काढलं आन् सोलून दिलं. पाणी कट आन् प्रोफाइल बिल्ड, बापाचं सगळं त्या केळ्याबरोबर पोटात गेलं.

काट्यावर वजन भरलं जास्त. काट्यावरची चष्मेवाली बाई म्हणली, ह्या गटात बसत न्हाई, कोचची हरकत नसंल तर वरच्या गटात घालते. मंगलनं सही केली.

वरच्या गटात इरा धरून चौघी. म्हणजे एकीला तीन कुस्त्या. पहिलीच टूवूंबाची. मनगटं दावणीच्या खुंट्याएवढी, गालावर उन्हाचे ठिपके. तिचा बाप मोठी टोपी घालून माझ्या शेजारी बसला, मला बघून टोपीला हात लावला. शिट्टी वाजली. इरा आडवी. खांदे टेकले. मी चादर नेली हुती, हितं कुणाला त्याची गरज न्हाई, पण रिकाम्या मांडीनं मला बसता येत न्हाई. ती ह्या बी वेळेला उलगडायच्या आत संपलं.

पण एक बघितलं. पडताना तिनं हात टेकले न्हाईत. खांदा मुडपून, हनुवटी आत घेऊन पडली. मंगलनं बी बघितलं.

दुसरी कुस्ती लांबली. समोरची पोरगी चपळ, गुण घेत राहिली. शेवटी शेवटी काय झालं कुणास ठाऊक, आमची सावकाश म्हैस एकदम खाली गेली आन् तिचा एक पाय दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्याला एकेरी पट म्हणत्यात. धरला तो सोडेचना. ती पोरगी एका पायावर लंगडत लंगडत मॅटभर फिरली, शेवटी बसली बदकन. दोन गुण. कुस्ती हरली इरा, पण ते दोन गुण तिचे. तिसरीत परत चितपट.

चौघींत चौथी. पायऱ्या तीनच असत्यात. फोटो न्हाई, काय न्हाई. गाल मॅटला घासून सोललेला. ती माझ्याकडं आली, मी सवयीनं चादर टाकली अंगावर.

"आजी, डिड यू सी?"

"बघितलं."

"द लेग?"

"एक पाय धरलास. दुसरा तिथंच हुता."

ती चादरीत तोंड घालून बसली. नंतर टूवूंबाची पोरगी आपणहून आली, हिच्या शेजारी बसून लाल सरबत पीत राहिली. दोघी काय बोलत हुत्या मला कळलं न्हाई. सोललेल्या गालाला बोट लावून दाखवत हुत्या एकमेकींना.

पुढं व्हायचं ते झालं. निखिलनं ग्रूप सोडला, बुकिंग गेलं. निम्मी पोरं बॅडमिंटनला गेली. आईबाप मंगलला दुकानात भेटले की टोमॅटो निवडायला लागत्यात, लई बारकाईनं. मंगल परत फ्लॉवर भरायला जाते, रोज न्हाई, पण जाते. मी तिला त्यावर काय बोलत न्हाई. तिनं ठरवून बाटली उघडली हुती. डॅरलनं हॉलच्या मागची खोली मोकळी करून दिली, जुन्या खुर्च्यांची. मंगल आभार मानायला लागली तर म्हणला, "नो वरीज." ह्या वेळेला मी ते मानलं.

यंदा मंडळाचा फोन आला, सत्कारासाठी नावं द्या. मंगल म्हणली, यंदा पदक न्हाई. तिकडून बाई म्हणली, "अरेरे, पुढच्या वर्षी नक्की." जसं काय घरात कुणी आजारी हाय.

कुस्त्या झाल्यावर इरा आली न्हाई. मी रोज मॅट पुसायची, रोज वाटायचं, संपलं हिचं. मग एका सोमवारी मागच्या खोलीचं दार वाजलं. खिडकीतनं दिसलं, बाहेर निखिलची गाडी उभी. तो उतरला न्हाई. मांडीवर लॅपटॉप, तोंड दुसरीकडं. अजून तसाच बसतो, आत येत न्हाई. गाडी उभी असते तेवढं बास.

इरा आत आली, बूट काढले, माझ्यासमोर बसली, हात पुढं केले. नखं आधीच कापलेली. तिनंच कापली हुती. वाकडीतिकडी, काही इतकी खोल की बाजूचं मांस लाल झालेलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची नखं कापणारं पोर कसं कापंल तशी. मी तरी एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं. डाव्या करंगळीचं राहिलं हुतं. ते मी कापलं.

मंगल मॅटवर उभी हुती. कशी हायस विचारलं न्हाई, शाबास म्हणली न्हाई.

"पड," म्हणली.

इरा माघारी पडली. उठली. परत पडली.

अंकात फोटो पायजे असंल तर येऊन काढा. पाच पोरं, खुर्च्यांची खोली, सगळी पडतायत. कापून मोठा करायला त्यात काय न्हाई.